स्टेडियमची कॉपी करायची तर नेमकी कशाची?

कुठल्याही शहरात नवीन स्टेडियमचं डिझाइन जाहीर झालं की लोकांचे दोन गट पडतात. एका गटाला ते कुणाची तरी ढापलेली आयडिया वाटते आणि दुसऱ्याला वाटतं की उगाच काहीतरी वेगळं करायच्या नादात पैसे उधळतायत. दोघंही बोलत असतात ते एका चित्रावरून, म्हणजे ते कॉम्प्युटरवर बनवलेलं, जांभळ्या संध्याकाळी चमकणारं वगैरे. त्या चित्रात दिसतं ते वरचं कवच. आत जी प्रेक्षकांना बसायची लाखभर टन काँक्रीटची वाटी असते तिथे ओरिजिनल व्हायला जागाच फारशी नसते, आणि माझं मत विचाराल तर तिथे कुणी ओरिजिनल व्हायच्या फंदात पडूही नये.

का ते बघू. तुम्ही स्टँडमध्ये बसलात, तुमच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत एक सरळ रेषा काढली, तर ती रेषा तुमच्या पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या किती वरून जाते, हे अंतर म्हणजे सी-व्हॅल्यू. 120 मिलिमीटर असेल तर पुढच्याच्या टाळूवरून आरामात सगळं दिसतं, 90 चांगलं मानतात, आणि 60 वर आलात की मान इकडेतिकडे करत दोन डोक्यांच्या फटीतून बघायची वेळ येते. आता गंमत अशी की ही सी-व्हॅल्यू प्रत्येक रांगेला सारखी ठेवायची असेल तर पायऱ्यांची उंची सारखी ठेवून चालत नाही, मागे जाल तशी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी जास्त उंच लागते, म्हणून चांगल्या स्टँडचा छेद घेतला तर तो सरळ उतार नसतो, वर वळत जाणारा वक्र असतो. हे गणित जॉन स्कॉट रसेल नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने 1838 मध्ये मांडलं, तेही सभागृहांसाठी. (हा तोच रसेल ज्याने 1834 मध्ये कालव्यातल्या एका एकट्या लाटेचा घोड्यावरून पाठलाग केला होता, फिजिक्सवाल्यांना तो त्या लाटेसाठी जास्त माहितीये.)

मग सगळ्यांनाच भरपूर सी-व्हॅल्यू देऊन टाका की! तर तसं होत नाही, कारण सी-व्हॅल्यू वाढवली की स्टँड उभा होत जातो, आणि ब्रिटनच्या सेफ्टी गाइडप्रमाणे उतार 34 अंशांच्या वर नेत नाहीत, त्याच्यापुढे माणसाला पायऱ्या उतरताना गरगरायला लागतं आणि एक जण घसरला की पुढचे चार जातात. बरं, उतार कमी करून स्टँड लांबवावा तर तिकडे दुसरी भिंत आहे. फुटबॉलसाठी शेवटची सीट मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून 190 मीटरच्या आत हवी असं मानतात. 22 सेंटिमीटरचा बॉल 190 मीटरवरून आकाशातल्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण एक अष्टमांश दिसतो, आणि तोही पळणारा. 190 मीटरच्याही मागे बसलेला माणूस मॅच बघत नाही, स्क्रीन बघतो.

त्यात लोक बाहेर काढायचा हिशोब आला. जिन्यावरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला 66 माणसं जातात असं त्याच गाइडमध्ये धरतात, आणि सगळे सुरक्षित जागी पोचायला जास्तीत जास्त 8 मिनिटं. म्हणजे एक मीटर जिन्यातून 528 माणसं. 50,000 प्रेक्षकांना सगळे जिने मिळून जवळपास 95 मीटर रुंदी लागणार, ती कुठून काढायची ते तुम्ही ठरवा, पण कमी करता येत नाही. हे आकडे कुणी ऑफिसात बसून सुचवलेले नाहीत. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 1971 मध्ये बाहेर पडायच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 लोक गेले, त्यानंतर 1973 मध्ये ते गाइड पहिल्यांदा आलं. अशा ठिकाणी "आम्ही काहीतरी नवीन ट्राय करतोय" म्हणणाऱ्या आर्किटेक्टपासून लांब राहिलेलं बरं.

तर हे सगळे नियम एकत्र लावले, मैदानाचं माप टाकलं, प्रेक्षकसंख्या टाकली, की वाटीचा आकार बराचसा आपोआप बाहेर पडतो. दोन वेगळ्या आर्किटेक्टना तेच आकडे दिले तर वाट्या एकसारख्या येणार. जीवशास्त्रात डॉल्फिन आणि शार्क सारखे दिसतात, एक सस्तन प्राणी आणि एक मासा, कुणी कुणाची कॉपी केली नाही, पाण्याने दोघांनाही एकाच आकारात आणलं. टोकियोत ऑलिम्पिकच्या नव्या स्टेडियमच्या वेळी नेमका यावरून वाद पेटला. आर्किटेक्ट झाहा हदीद यांचं डिझाइन 2012 मध्ये निवडलं गेलं, खर्चाचा अंदाज 252 अब्ज येनपर्यंत गेल्यावर जुलै 2015 मध्ये सरकारने ते रद्द केलं, आणि डिसेंबरमध्ये केंगो कुमा यांचं लाकूड आणि झाडांनी नटलेलं, खूप शांत दिसणारं डिझाइन घेतलं. बाहेरून बघितलं तर दोघांचा काही संबंध नाही. पण हदीद म्हणाल्या की आतली मांडणी आणि बसायची वाटी आमच्या डिझाइनशी फारच मिळतीजुळती आहे. कुमांनी ते नाकारलं. खरं काय ते बाहेरून बघणाऱ्या कुणाला ठामपणे सांगता येणार नाही, पण जागा तीच, खेळ तेच, नियम तेच असताना वाट्या जुळल्या नसत्या तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

आता छप्पर. इथे मात्र खरीखुरी नवी कल्पना येऊ शकते, आणि तरी तिचं घराणं शोधायला गेलं की मजा येते. म्युनिकचं 1972 चं ऑलिम्पिक स्टेडियम, ते ताणलेल्या तंबूसारखं पारदर्शक छत, बघणाऱ्याला वाटतं हे आकाशातून पडलं. गुंटर बेनिश आणि फ्राय ओटो ही आर्किटेक्टची जोडी. पण ओटो 1950 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेड सेव्हेरुड या इंजिनिअरच्या ऑफिसात गेला होता आणि तिथे त्याने एका अरीनाचं डिझाइन बघितलं, अमेरिकेतल्या रॅली नावाच्या शहरात होणारं, दोन तिरक्या कमानी आणि मध्ये केबलचं खोगीरासारखं छत. आर्किटेक्ट मॅथ्यू नोविकीची ती कल्पना, तो बिचारा 1950 मध्येच विमान अपघातात गेला, अरीना पूर्ण झाली 1952 ला. ओटोने ते बघून टांगलेल्या छतांवर पीएचडीच करून टाकली. त्याच सेव्हेरुडने पुढे आर्किटेक्ट इरो सारिनेनच्या 1958 च्या येल विद्यापीठातल्या, केबलवरच टांगलेल्या छताच्या आइस रिंकचं इंजिनिअरिंग केलं.

पण ओटोने त्या अरीनाची कॉपी केली का? नाही ना. त्याने उचललं ते तत्त्व, की केबल फक्त ताण घेते, दाब घेत नाही, त्यामुळे ती हलकी राहते, पण वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिला उलट्या दिशेने वळलेल्या दुसऱ्या केबलने खेचून धरावं लागतं, म्हणून तो खोगीरासारखा आकार येतो. मग साबणाच्या पाण्यात तारेच्या चौकटी बुडवून तो फिल्मचे आकार बघत बसला, कारण साबणाची फिल्म आपोआप कमीत कमी क्षेत्रफळाचा, सगळीकडे सारखा ताण असलेला आकार घेते. तिथून 1967 चा माँट्रियलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनातला जर्मन पॅव्हेलियन, आणि तिथून म्युनिक. ह्याला मी कॉपी नाही म्हणणार, आणि शून्यातून निर्मिती पण नाही म्हणणार.

खरी वाईट कॉपी कशी असते ते बघायला ह्यूस्टन. 1965 मध्ये तिथे अ‍ॅस्ट्रोडोम उघडला, पूर्ण झाकलेलं एसी स्टेडियम, तेव्हा खरंच नवीन. छतात पारदर्शक प्लास्टिकचे पॅनल, म्हणजे आत गवत उगवेल. पण दिवसा त्या पॅनलमधून असा चकाकता उजेड यायचा की उंच उडालेला बेसबॉल खेळाडूंना दिसेना. मग पॅनल रंगवले. मग गवताला ऊन मिळेना, ते मेलं. मग 1966 मध्ये प्लास्टिकचं गवत अंथरलं, तेच पुढे अ‍ॅस्ट्रोटर्फ. एका अडचणीतून काढलेला मार्ग, ठीक आहे. पण नंतर सिनसिनाटी आणि पिट्सबर्गमध्ये 1970 ला, फिलाडेल्फियात 1971 ला स्टेडियम आली, उघड्या आकाशाखाली, भरपूर ऊन, तरी तिथेही तेच प्लास्टिक. मेंटेनन्स स्वस्त, दोन खेळ एकाच मैदानावर खेळवायचे वगैरे कारणं होतीच, पण उन्हात ते गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि अंगाला घासलं की सोलून काढतं. शिवाय ती स्टेडियम आकारानेही जवळपास जुळी, गोल. बेसबॉलचं मैदान पंख्याच्या आकाराचं, अमेरिकन फुटबॉलचं आयताकृती, दोन्ही गोलात कोंबायचे म्हणजे दोन्हीकडचे प्रेक्षक लांब. 2001 ते 2004 मध्ये ही तिन्ही पाडली.

मग उलटी लाट आली, जुन्यासारखं करायची. बाल्टिमोरमध्ये 1992 ला विटांचं जुनं गोदाम तसंच ठेवून त्याला लागून मैदान केलं, ते सुंदर झालं, आणि मग जो तो विटा लावत सुटला. ह्यूस्टनने तर कहर केला. सिनसिनाटीच्या जुन्या क्रॉस्ली फील्डमध्ये आऊटफिल्डला चढ होता, कारण बाहेरचा रस्ताच मैदानापेक्षा उंचावर होता, दुसरा इलाज नव्हता. ह्यूस्टनच्या 2000 सालच्या नव्या स्टेडियममध्ये सपाट जमिनीवर मुद्दाम तसा टेकाड बांधला, वर झेंड्याचा खांबही रोवला, खेळाच्या हद्दीत! उलटं पळत कॅच घेणाऱ्या खेळाडूने टेकाड बघायचा, खांब बघायचा की बॉल? 2016 च्या सीझननंतर तो काढून टाकला.

आणि ओरिजिनल व्हायच्या हट्टाची किंमत बघायची तर माँट्रियल. 1976 च्या ऑलिम्पिकसाठी रॉजर टायिबेर यांनी तिरका, 165 मीटरचा मनोरा आणि त्यावरून छत्रीसारखं ओढून घ्यायचं छत असं डिझाइन केलं. ऑलिम्पिक होऊन गेलं तरी मनोरा अर्धवट, छत बसलं 1987 ला, आणि मग ते फाटत राहिलं, बदललेलं छतही 1999 मध्ये बर्फाच्या वजनाने फाटलं. कर्ज फिटलं 2006 मध्ये. टायिबेर यांचं पॅरिसचं 1972 चं स्टेडियम, तशाच काँक्रीटच्या फासळ्यांचं, आजही मस्त चालतंय, पण पॅरिसला माँट्रियलसारखा हिवाळा नसतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पोर्तुगालमधलं ब्रागा. आर्किटेक्ट एदुआर्दो सौतो द मौरा, 2003. जागा मिळाली ती दगडाच्या खाणीत, म्हणून एका गोलच्या मागे सरळ खडकाची भिंत, दुसऱ्या गोलच्या मागे मोकळं, आणि स्टँड फक्त दोन, लांब बाजूंना, त्यांची छतं मैदानावरून जाणाऱ्या केबलने एकमेकांना बांधलेली. त्या केबलची कल्पना त्यांनी इंका लोकांच्या दोरांच्या पुलांवरून घेतली, म्हणजे इथेही उसनवारी आहेच. स्वस्त पडलं असं अजिबात नाही. पण तिथे काही वेगळं केलंय ते खडकाने करायला लावलंय.

त्यामुळे पुढच्या वेळी नवीन स्टेडियमचं चित्र समोर आलं तर ते कुणासारखं दिसतंय हे जरा बाजूला ठेवा आणि शेवटच्या रांगेची सी-व्हॅल्यू विचारा, मैदान उत्तर-दक्षिण आहे की मावळता सूर्य थेट गोलकीपरच्या डोळ्यात जाणारे ते विचारा, छताची सावली वर्षभर गवताच्या कुठल्या भागावर पडून राहणार त्याचा नकाशा मागा. आणि बाहेरच्या त्या जाळीमागे काय आहे तेही विचारा. बीजिंगच्या 2008 च्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये, ज्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात, ती आडवीतिडवी स्टीलची गुंतागुंत सुरुवातीला सरकत्या छताचे आधार लपवायला काढली होती, ते छत 2004 मध्ये खर्च कमी करायला रद्द झालं, जाळी मात्र तशीच उभी राहिली, जवळपास 42,000 टन.