चार ग्रॅम पाणी

घरच्या घरी चॉकलेट टॉफी करण्याचे जे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत राहा.’ या सूचनेतून काहीच कळत नाही. मध्यम आच कोणत्या शेगडीची? पातेलं किती जाड बुडाचं? पाव किलो साखरेला बारा मिनिटं, तर अर्ध्या किलोला किती? टॉफी दाताला चिकटली की मग दोष साखरेला, बटरला, हवेला, नाहीतर कुणाच्या तरी हाताला. खरा हिशेब असतो पातेल्यात किती पाणी उरलं याचा, आणि तो मिनिटांनी लागत नाही.

टॉफीचं साहित्य अगदी थोडं. ४०० ग्रॅम साखर, तितकंच बटर, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे पाणी, वरून भाजलेले दाणे किंवा काजू आणि चॉकलेट. बाजारच्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्के पाणी असतं. म्हणजे ४०० ग्रॅम बटर स्वतःबरोबरच साठेक ग्रॅम पाणी घेऊन येतं. घरचं लोणी वापरलं तर पाणी आणखी वाढतं. शिवाय त्यात ताकाचा अंश राहतो आणि तो तळाला लवकर करपतो.

साखर विरघळलेलं पाणी १०० अंशांच्या वर उकळतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पाक जितका दाट, तितका उत्कलनबिंदू वर. म्हणून उकळत्या पाकाचं तापमान पाहिलं की त्यात किती पाणी उरलंय ते कळतं. पाक ११३-११४ अंशांवर असताना त्यात साखर साधारण ८५ टक्के असते. आपल्या ४०० ग्रॅम साखरेसोबत त्या वेळी सुमारे ७० ग्रॅम पाणी असतं. हाच आपला गोळीबंद पाक. १२५ च्या आसपास साखर ९२ टक्के होते, पाणी ३५ ग्रॅम. १३५-१४० ला ९५ टक्के, पाणी २१ ग्रॅम. आणि १५० ला ९९ टक्के. पाणी फक्त ४ ग्रॅम, चमचाभरही नाही. थंड पाण्यात थेंब टाकला की तो टणक होतो आणि काडीसारखा मोडतो, तो हा टप्पा. टॉफी इथे उतरवायची.

पातेल्यापाशी उभं राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. पाक बराच वेळ ११०-११५ पाशी रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने वर चढतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, तेच पाणी एका अंशाने तापवायला फक्त एक. पाणी भरपूर असतं तोवर शेगडीची बहुतेक उष्णता वाफेवरच खर्च होते. ते संपत आलं की सगळी उष्णता पाक तापवण्याकडे वळते. म्हणून १४० नंतर आच कमी करायची आणि पातेल्यावरून नजर हलवायची नाही. हा पाक अंगावर उडाला तर कातडीला चिकटतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा फार वाईट भाजतो. मुलांना या वेळी ओट्यापासून लांब ठेवा.

आता आपल्या भागाचा प्रश्न. पाककृतीतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, सातारा ७०० च्या वर, महाबळेश्वर सुमारे १३५०. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे साधं पाणीही सांगलीत ९८ अंशांच्या आसपास उकळतं, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवला, महाबळेश्वरात साडेपंचाण्णवला. नवा थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवल्यावर साडेसत्त्याण्णव दाखवतो म्हणून तो बिघडलेला समजू नका. साताऱ्यात त्याने तेच दाखवायला हवं. १०० ला जितके अंश कमी पडतील, तितके पाककृतीतल्या आकड्यातून वजा करायचे. १५० लिहिलं असेल तर साताऱ्यात १४७-१४८ ला उतरवायचं. कडक टॉफीत एवढ्या फरकाने मोठं नुकसान होत नाही, जरा जास्त कोरडी आणि जास्त तपकिरी होते इतकंच. पण ११८ अंशांवरच्या मऊ कॅरमेलमध्ये हेच दोन-अडीच अंश चुकले तर वडी हवी त्यापेक्षा घट्ट होते.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते पाक थंड होताना घडतं. टॉफी ही एक काच आहे. अगदी शब्दशः, भौतिकशास्त्राच्या अर्थाने. स्फटिकात रेणू ठरलेल्या जागी, रांगेत बसलेले असतात. संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा: थेंब थेंब पाक घालत तासन् तास हलवून साखरेचे स्फटिक वाढवायचे आणि काटा उठवायचा. पाडव्याच्या साखरगाठीही स्फटिकांच्याच. टॉफीत याच्या बरोबर उलट करायचं असतं. १५० अंशांवर रेणू मोकळे फिरत असतात. पाक ताटात ओतला की तो इतक्या वेगाने घट्ट होतो की रेणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. ते होते तसेच, अस्ताव्यस्त गोठतात. म्हणून टॉफी कडकन फुटते आणि फुटलेली कड काचेसारखी चकचकीत दिसते.

काच मऊ व्हायला लागते त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. अगदी कोरड्या साखरेसाठी ते साठीच्या थोडं वर आहे. त्या तापमानाला पदार्थाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, सुमारे दहाचा बारावा घात पास्कल-सेकंद असते. पाण्याची असते एक हजारांश. संक्रमण तापमानाच्या वर वीसेक अंश गेलं की हीच श्यानता सुमारे लाख पटीने कोसळते. आणि साखरेत शिरलेलं पाणी हे संक्रमण तापमानच खाली ओढतं, कारण पाण्याचे छोटे रेणू साखरेच्या मोठ्या रेणूंमध्ये शिरून बिजागरीतल्या तेलासारखं काम करतात. सुरुवातीच्या काही टक्क्यांत पाण्याचा प्रत्येक टक्का ते साधारण ८ ते १० अंशांनी उतरवतो. १ टक्का पाण्याची टॉफी पन्नाशीच्या थोड्या वरपर्यंत काच राहते. ३ टक्क्यांची पस्तिशीच्या आसपास मऊ पडू लागते. ५ टक्क्यांची तर घरातल्या नेहमीच्या हवेतच वाकते.

हे आकडे आपल्या नकाशावर ठेवून बघा. डिसेंबरात महाबळेश्वरात कडकन फुटणारी ३ टक्के पाण्याची टॉफी एप्रिलच्या दुपारी सांगलीत, पारा चाळिशीकडे सरकलेला असताना, बोटाने वाकवता येईल. पदार्थ तोच, केलाही त्याच हातांनी. उन्हाळ्याच्या सांगलीसाठी करायची तर पाणी १ टक्क्यापर्यंत उतरवण्याशिवाय इलाज नाही.

पाक फसला की ‘बाहेरची’ बाई स्वयंपाकघरात आली होती का, हा प्रश्न आजही काही घरांत विचारला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या साताऱ्याचे, तिथे तरी हा प्रश्न कायमचा बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. मासिक पाळीचा आणि साखरेच्या रेणूंचा काडीचाही संबंध नाही. हवेतल्या ओलाव्याचा मात्र फार मोठा आहे.

पातेल्याच्या कडेला साखरेचा एखादा कण सुटा राहिला तर तो बीज ठरतो आणि सगळा पाक रवाळ होऊन बसतो. म्हणून कडा ओल्या ब्रशने पुसायच्या आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे. आम्लामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि हे परके रेणू रांग लागू देत नाहीत. गुळात ते आधीपासूनच असतात, त्यामुळे गुळाची चिक्की सहसा रवाळ होत नाही. पण ग्लुकोजच्या काचेचं संक्रमण तापमान तिशीच्या आसपास, फ्रुक्टोजचं तर ५ अंशांजवळ. पावसाळ्यात तीच चिक्की आधी चिकट होते ती यामुळे. ‘केमिकल-फ्री गुळाची आरोग्यदायी टॉफी’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. गुळातही बहुतांश तीच साखर असते.

रंग आणि वास येतो तो मुख्यतः बटरमधल्या दुधाच्या घन भागातून. प्रथिनं आणि दुधातली शर्करा तापून एकमेकांशी संयोग पावतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं. सातारी कंदी पेढ्याचा तपकिरी रंग आणि खमंगपणा याच अभिक्रियेचा. मधेच बटर फुटून तूप वर तरंगू लागलं, तर आच कमी करून चमचाभर गरम पाणी घाला आणि एकसारखं ढवळा. बहुतेकदा ते पुन्हा एकजीव होतं. घातलेलं पाणी अर्थातच पुन्हा उडवावं लागतं.

तासगावचे बेदाणे घरात असले की टॉफीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं. ते हळूहळू भोवतालच्या काचेत उतरतं आणि प्रत्येक बेदाण्याभोवती चिकट डाग तयार होतो. बेदाणे चॉकलेटच्या वर लावा.

चॉकलेटचा थर चवीसाठी असतोच, पण तो टॉफीचा रेनकोटही आहे. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये विखुरलेले कोको आणि साखरेचे बारीक कण, आणि स्निग्धातून ओलावा फार सावकाश जातो. म्हणून थर दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही लावावा. वितळवताना मात्र पाण्याचा एक थेंबही नको. त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा लगदा होतो.

कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे असतात. हवा असतो पाचवा, ३४ अंशांच्या आसपास वितळणारा, चकाकी देणारा. डार्क चॉकलेट ४५-४८ अंशांवर वितळवून, त्यात न वितळलेल्या चॉकलेटचा कीस घालून ३१-३२ पर्यंत उतरवलं की कीस बीज म्हणून काम करतो. स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असेल तर हे जमणार नाही. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा किंवा दुकानातलं कंपाउंड चॉकलेट वापरा. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, त्याला हा खटाटोप लागत नाही. चव थोडी उणी पडते.

काही दिवसांनी वर पांढरट पापुद्रा आला तर ती बुरशी नाही आणि मेणही नाही. स्निग्धाचे स्फटिक रूप बदलून वर आलेले असतात. टॉफी फ्रिजमधून उघडीच बाहेर काढली, तर तिच्यावर दव धरतं आणि साखर विरघळून पुन्हा पृष्ठभागावर जमते. त्यानेही असाच थर येतो. दोन्ही खायला चालतात. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका.