औंढ्याचा तिसरा कान

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, परभणी, नांदेड भागात जमीन हलली. मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा होणार आहे आणि तिथल्या यंत्राला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी हालचाल टिपायची आहे. मग ते नेमकं इथेच का, असा प्रश्न पडला तर नवल नाही.

या लहरींचा इतिहासच मुळी शंकांचा. १९१६ मध्ये आइन्स्टाइनने त्यांचं गणित मांडलं आणि वीस वर्षांनी त्यालाच ते पटेनासं झालं. नेथन रोझेनबरोबर 'अशा लहरी नसतातच' असा निबंध लिहून त्याने 'फिजिकल रिव्ह्यू'कडे धाडला. संपादकांनी तो परस्पर परीक्षकाला दाखवला म्हणून रागावून परतही घेतला. परीक्षकाने काढलेली चूक मात्र बरोबर होती! पुढे १९६९ मध्ये मेरीलँडच्या जोसेफ वेबरने अॅल्युमिनियमच्या अवजड दंडगोलांवर लहरी टिपल्याचं जाहीर केलं. इतरांनी तसेच दंडगोल बांधले, पण कुणालाच काही सापडलं नाही. तेव्हापासून हे क्षेत्र ताकही फुंकून पितं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांनी सुमारे सात मिलिसेकंदांच्या अंतराने एकच थरथर नोंदवली. ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती. तरी जगाला सांगायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला.

गोंगाटात बुडालेला असा क्षीण सूर ओळखायचा कसा, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी फार आधीपासून काम करत होते. त्या काळी लहरी सापडतील यावर विश्वास ठेवणारेच कमी होते.

यंत्र भारताकडे वळलं ते मात्र काहीशा योगायोगाने. अमेरिकेत लायगोची ठिकाणं दोन, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन. पण हॅनफर्डला एकाच जागी दोन यंत्रं होती. सुधारित लायगोच्या वेळी विचार झाला की तिसरा संच तिथेच बसवण्यापेक्षा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा. आधी तो ऑस्ट्रेलियाला मिळायचा होता. तिथे पैशांची जुळवाजुळव झाली नाही आणि २०११ मध्ये तो बेत बारगळला. मग भारताचं नाव पुढे आलं. केंद्राची तत्त्वतः मंजुरी शोधाच्या घोषणेनंतर आठवड्याभरात मिळाली; सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी यायला मात्र एप्रिल २०२३ लागला. (आपल्याकडचा वेग म्हणायचा, दुसरं काय!)

दूर न्यायचं कारण दिशा. लहर कुठून आली हे एका यंत्राला नीट सांगता येत नाही. कोणत्या यंत्राला ती आधी पोचली, कोणत्याला नंतर, यावरून आकाशातली जागा काढावी लागते. २०१५ ची टक्कर दोनच यंत्रांनी ऐकली, त्यामुळे तिची जागा आकाशाच्या जवळपास ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढंच कळलं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तेव्हा इटलीतलं 'व्हर्गो' हे तसलंच यंत्रही सुरू होतं. गंमत म्हणजे त्याला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे लहर त्याच्या बहिऱ्या बाजूने आली, हे उघड झालं! जागा तीसेक चौरस अंशांवर आली आणि काही तासांतच दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत ती चमक गाठली.

आता भूकंपाचं. यंत्राच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांना सपाट, मोकळी जमीन लागते. शिवाय यंत्राला अधूनमधूनच्या धक्क्यापेक्षा रोजची कुरकुर जास्त छळते: रेल्वे, ट्रक, कारखाने, किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा. औंढा समुद्रापासून आणि मोठ्या शहरांपासून लांब आहे. धक्का बसला की यंत्राचं संतुलन सुटतं, निरीक्षण थांबतं आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. दूरदेशीच्या मोठ्या भूकंपांनी अमेरिकेतल्या यंत्रांचंही हेच होतं.