एकविसावी बाई आणि संस्थांच्या जन्मखुणा

औसा तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर बचत गटाची बैठक भरली होती. सतरंजीच्या मध्यावर पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर बचतीची वही. हजेरी झाली, वीसही जणींनी आपापली बचत मोजून दिली, सचिवांनी ती लिहून घेतली आणि बैठक उठायच्या वेळी एकीने विचारले, "माझ्या धाकट्या जावेला घ्यायचं का गटात? यंदा ती वेगळी निघालीय, तिला शेळ्या घ्यायच्यात." गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी सांगितले, "वीस भरल्यात. एकविसावी घेता येत नाही." त्यावर कोणी वाद घातला नाही. जावेसाठी गल्लीतल्या आणखी नऊ जणी शोधून नवा गट काढायचे ठरले, आणि एका घरातल्या दोन जावा दोन गटांच्या झाल्या.

वीस हा आकडा गावाने ठरवलेला नाही. गावोगाव चालत आलेल्या भिशीला अशी मर्यादा कधी नव्हती. तो आला 1956 च्या कंपनी कायद्यातून. नफ्यासाठी व्यवसाय करणाऱ्या समूहात वीसपेक्षा जास्त माणसे असतील, तर त्याची नोंदणी झालीच पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये 500 गटांपासून बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा हे गट नोंदणीच्या कटकटीशिवाय चालावेत असा विचार होता, आणि त्यामुळे वीसची मर्यादा पाळणे भाग होते. पुढे 2013 च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा शंभरापर्यंत नेण्याची मुभा दिली आणि नियमांनी ती पन्नासवर ठेवली. गट मात्र दहा ते वीस जणींचाच राहिला. लहान गटात प्रत्येकीला प्रत्येकीची पत ठाऊक असते, हा त्याचा खरा फायदा आहे. पण पंचवीस का नाहीत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते मिळते गटाच्या जन्मवेळेत.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्थर स्टिंचकोम यांनी 1965 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. एका काळात जन्मलेल्या संस्थांची घडण एकमेकींसारखी असते आणि काळ बदलला तरी ती घडण टिकून राहते, हे त्यांनी निरनिराळ्या उद्योगांतील कामगारांच्या रचनेवरून दाखवले. कारखानदारीच्या आधीपासून चालत आलेल्या शेतीसारख्या व्यवसायात घरच्याच माणसांच्या श्रमावर काम चालते, तर नंतरच्या काळात उभ्या राहिलेल्या उद्योगांत कारकून आणि पदवीधर मोठ्या संख्येने दिसतात. संस्था उभी राहते तेव्हा हाताशी असलेली माणसे, पैसा, कायदा आणि रीतभात यांच्यातूनच ती घडते. एकदा घडी बसली की नमुने छापले जातात, माणसे त्याच पद्धतीत तयार होतात, बँक तोच अर्ज मागते, आणि घडी मोडण्याचा खर्च तिच्यात राहण्याच्या खर्चापेक्षा जास्त वाटू लागतो. बाळाच्या अंगावरची जन्मखूण मोठेपणीही राहते, तसेच हे आहे.

साखर कारखान्यांत ही खूण फार ठळक आहे, आणि तिची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 मध्ये उभा राहिला आणि तीच घडण पुढे मराठवाड्यातही आली. ऊस पिकवणारा शेतकरी हा सभासद आणि प्रत्येक सभासदाला एक मत, हे तत्त्व त्या काळाच्या मानाने मोठे होते. परंतु सभासदत्व उसाच्या शेतीशी बांधलेले असल्याने ऊस तोडणारा माणूस पहिल्या दिवसापासून संस्थेच्या बाहेर राहिला. त्याचा करार कारखान्याशी होत नाही. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, टोळी जमवतो, आणि टोळीत मजूर मोजतात ते माणसांवर नव्हे, कोयत्यांवर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि हिशेब दोघांचा मिळून होतो. घरच्या माणसांच्या श्रमाची ही जुनी रीत आधुनिक कारखान्याच्या पोटात जशीच्या तशी राहिली. तिने समाजालाही आकार दिला. उचल जोडीला मिळत असल्यामुळे लग्न लवकर उरकण्याकडे ओढ निर्माण झाली, दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील कित्येक गावांत म्हातारीकोतारी आणि लहान मुलेच उरू लागली, आणि शासनाला मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवावी लागली. कायदा बदलून एवढे सगळे आपोआप सुटेल असे मला वाटत नाही, कारण खूण केवळ करारावर उरलेली नाही, ती घराघरात उतरली आहे.

मात्र समाज नेहमी संस्थेच्या मागेच चालतो असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट छपराच्या, मातीच्या ओझ्याखाली गेली. जी गावे पुनर्वसनात पूर्णपणे हलली नाहीत, तिथे जुनी घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि त्यासाठी घरोघर समजावून सांगणारी माणसे हवी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम गावातल्या महिलांवर सोपवले. त्या 'संवाद सहाय्यक' झाल्या. महिला मंडळे आधीही होती, पण कित्येक ठिकाणी ती कागदावरच राहिली होती. आता त्याच मंडळांतील महिला भिंतीत आरपार लांब दगड बसला की नाही, हे गवंड्याला विचारू लागल्या. घर म्हणजे पुरुषाच्या नावाची मालमत्ता, ही समजूत त्या प्रश्नाने प्रथम हलली. भूकंपाचे काम संपल्यावर या महिला घरी परतल्या नाहीत. त्या बचतीकडे आणि पाण्याच्या प्रश्नाकडे वळल्या. पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी 73 वी घटनादुरुस्तीही त्याच 1993 च्या एप्रिलमध्ये लागू झाली होती, त्यामुळे चावडीवर बसायला त्यांना कायद्याची जागाही मिळाली. पूर्वी बचत गटाची पंचसूत्री होती: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. राज्याच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तिची दशसूत्री झाली, आणि आरोग्य, शिक्षण, पंचायतीतील सहभाग हे विषय गटाच्या कामात आले. पैशासाठी जन्मलेली संस्था तिच्यात बसणाऱ्या माणसांनी आपल्या गरजेएवढी रुंद केली.

विद्यापीठाच्या बाबतीत हेच चक्र पूर्ण फिरलेले दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, आणि ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तिथे शिकली. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शिकून उभ्या राहिलेल्या पिढीने त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागितले. विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978 रोजी झाला, गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार प्रत्यक्षात आला तो 14 जानेवारी 1994 रोजी. संस्थेने घडवलेल्या माणसांनी संस्थेची पाटी बदलून घ्यायला जवळपास सोळा वर्षे लागली, आणि त्याची किंमत सर्वांत गरीब घरांनी मोजली.

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या एका गटाची हजेरीवही मी पाहिली. दर आठवड्याला बैठक हा दशसूत्रीतला नियम, आणि छापील रकाना हजर किंवा गैरहजर एवढ्यापुरताच. नोव्हेंबर ते मार्चच्या पानांवर चार जणींच्या नावापुढे या दोन्हींपैकी काहीच नाही. सचिवांनी तिथे दर आठवड्याला निळ्या शाईत एकच शब्द लिहिला आहे, 'कारखान्याला'. आणि एप्रिलच्या पहिल्या पानावर त्या चौघींची पाच महिन्यांची बचत एकदम जमा दाखवली आहे.