‘दहा लाख व्ह्यूज, म्हणजे पोरगा लखपती’?

लालबागच्या चाळीत पोराने मित्रांना घेऊन विनोदी व्हिडिओ काढला, तो गाजला, की शेजारचे काका विचारतात, “काय रे, एका व्ह्यूला किती देतात?” काहीच नाही. यूट्यूब व्ह्यू मोजून पगार देत नाही. पैसा जाहिरातींतून येतो. त्यातले 55 टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, हिशोब वेगळा, तिथे वाटा 45 टक्के. मोठ्या व्हिडिओच्या ज्या व्ह्यूवर जाहिरात दिसलीच नाही, त्याचे जाहिरातीचे पैसेही नाहीत.

तेही लगेच नाही. जाहिरातींतला वाटा सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर लागतात, शिवाय गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. मधे जाहिरात टाकायची तर व्हिडिओ निदान 8 मिनिटांचा हवा. दोन मिनिटांचा चुरचुरीत विनोद ताणून आठ मिनिटांचा होतो तो यामुळेच. (आणि बऱ्याचदा फसतो!)

मग घर कसं चालतं? प्रायोजकांवर, दादर-पार्ल्याच्या तिकीट लावलेल्या प्रयोगांवर, दुसऱ्यांसाठी लिहून किंवा एडिटिंग करून. कॅमेरावाल्याची वडापावावर बोळवणही फार दिवस चालत नाही.