आंबोलीला आमच्याकडे येताय? मीठ घरीच ठेवून या

आमच्या खोल्यांचं बुकिंग झालं की बहुतेक मंडळी फोन करून एकच गोष्ट विचारतात, तिकडे जळवा आहेत का हो? आहेत. जून ते ऑक्टोबर भरपूर आहेत. हे आम्ही फोनवर सांगतो, व्हॉट्सॲपवर पाठवतो, सोबत "मीठ आणू नका" असंही लिहितो, तरी पावसाळ्यात जवळपास दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून मिठाची पिशवी निघतेच. रात्रीचं जेवण झालं की मग ते मीठ पडवीच्या पायऱ्यांवर, उंबऱ्यावर, खळ्यातल्या म्हणजे अंगणातल्या वाटेवर रेघ मारल्यासारखं टाकलं जातं, जळवा आत येऊ नयेत म्हणून. पोरं घाबरू नयेत, झोप नीट लागावी एवढाच हेतू असतो, वाईट काही नसतं कुणाच्या मनात. पण आमच्या इथे पाहुण्यांकडून जे काही नुकसान होतं त्यात मीठ पहिल्या नंबरवर आहे. प्लास्टिकची पिशवी निदान उचलता येते, मीठ एकदा पाण्यात गेलं की हाताला लागत नाही.

आधी जागा समजून घ्या म्हणजे पुढचं लक्षात येईल. आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला. अरबी समुद्राकडून आलेले ढग पहिले इथेच अडतात, त्यामुळे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जंगल जांभूळ, अंजनी, पिसा असल्या झाडांचं, बारा महिने हिरवं, आणि मधेमधे जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट कातळ. आजूबाजूचं बरंच वन आता आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्रात येतं. आमची जागा मालकीची आहे पण गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, जंगलच सुरू होतं, आणि बेडकांना गडगा कुठे कळतो.

तर बेडूक. पावसात आंबोलीला लोक येतात ते धबधब्यासाठी, हे खरं, पण जगभरातले अभ्यासक येतात ते बेडकांसाठी. आंबोली टोड नावाचा एक छोटा बेडूक आहे, अंगावर पिवळसर पट्टे असलेला, २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवीन जात म्हणून नोंद केली. जगात तो फक्त या भागातच सापडतो आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पावसाच्या सुरुवातीला सड्यावर जी बोटभर खोलीची डबकी साचतात त्यात हा अंडी घालतो. बोटभर. तुमच्या पायरीवरून वाहून येणारं पाणी असल्याच डबक्यात जाऊन थांबतं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो, श्वाससुद्धा बराचसा कातडीतूनच घेतो. म्हणजे जळूसाठी टाकलेल्या मिठावरून एखादा बेडूक गेला तरी मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. जळूचं जे होतं तेच त्याचं होतं, फक्त जळूचं आपण बघत बसतो आणि बेडूक कुठेतरी पानाखाली जाऊन मरतो म्हणून कळत नाही. अंडी आणि पिल्लं तर त्याहून नाजूक.

अजून एक प्राणी आहे, देवगांडूळ. दिसायला मोठ्या गांडुळासारखं, काहींना ते सापाचं पिल्लू वाटतं, पण ते बेडकांच्याच कुळगोतातलं आहे, पाय नसलेलं उभयचर. यातली एक जात २००३ मध्ये आंबोलीतूनच पहिल्यांदा नोंदवली गेली. पावसात जमिनीत पाणी भरलं की ही वर येतात, पायरीपाशी सापडतात, आणि "मोठी जळू" समजून त्यांच्यावर मूठभर मीठ पडतं. हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लोक यावर जे बोलतात ते सगळं आम्ही ऐकलंय.

एक म्हणजे, एवढा पाऊस आहे, मीठ वाहून जाईल की. जातं ना, पण कुठे जातं? पायरीवरून खळ्यात, खळ्यातून पागोळीच्या चरात, चरातून आमच्या केळीच्या आणि अळूच्या वाफ्यात, आणि तिथून खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात. न्हाणीचं पाणीही आम्ही याच वाफ्यात सोडतो, म्हणून तर खोलीत शिकेकाई आणि साधा साबण ठेवतो. शिवाय पाऊस नेहमी धो-धो नसतो. नुसतं धुकं असलं की मीठ ओल धरून तिथेच चिकट होऊन बसतं, जांभ्यात मुरतं, आणि नंतर दगड वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात. आमच्या पायऱ्या आणि पडवीचं जोतं सगळं जांभ्याचं आहे.

दुसरं बोलणं असतं, गावातले लोकही जळूला तंबाखू नाहीतर मीठ लावतातच की. लावतात. पण शेतात चिखलणी करणारा माणूस चिमूटभर घेऊन पायाला लागलेल्या एका जळूला लावतो आणि पुढे कामाला लागतो. किलोभर मीठ अंगणात शिंपडत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत.

आणि मिठाने फायदा तरी काय? जळूवर मीठ टाकलं की ती सुटते हे खरं, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते. चटका देऊन काढली, स्प्रे मारला तरी तसंच. मग जखम चिघळली की लोक म्हणतात आंबोलीच्या जळवा विषारी आहेत. विषारी नाहीत. रक्त गोठू नये म्हणून तिच्या लाळेत एक पदार्थ असतो त्यामुळे ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ येत राहतं, दिसायला भीती वाटते, पण गेलेलं रक्त थोडंच असतं. आयुर्वेदात उपचाराला लावतात त्या जळवा पाण्यातल्या, या जमिनीवरच्या, जात वेगळी.

जळू लागली तर काय करायचं

घाबरून ओढू नका. जळूला दोन्ही टोकांना पकड असते, बारीक टोक तोंडाचं. त्या टोकाशेजारची कातडी एका बोटाने ताणा आणि दुसऱ्या हाताचं नख आडवं धरून तोंडाखालून सरकवा, तोंड सुटलं की लगेच मागचं जाड टोक तसंच सोडवा आणि टिचकी मारून झुडपात उडवा. नख नसेल तर एटीएम कार्डाची कड चालते. मग साबण-पाणी, स्वच्छ कापूस दाबून धरा, वर पट्टी. दोन-चार दिवस खाज येते, खाजवू नका, खाजवल्यानेही चिघळतं. काहीच केलं नाही तर पोट भरल्यावर ती आपोआप गळून पडते, पण एवढा धीर पाहुण्यांकडून आम्ही मागत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र बुकिंगलाच सांगा. आणि जळू नाकात-डोळ्यात गेली तर स्वतः काही करू नका, आम्हाला हाक मारा, गाडी काढून सावंतवाडीला डॉक्टरकडे नेतो.

मुळात लागूच नये यासाठी लीच सॉक्स. साधे मोजे नव्हेत, जळू मोज्याच्या विणीतून आत शिरते. हे घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंत येणारे असतात, पॅंट आत खोचायची, वर नाडी आवळायची आणि मग बूट. आमच्याकडे भाड्याने १०० रुपये, धुतलेले आणि बंबाच्या उबेवर वाळवलेले, लहान मुलांच्या मापाचेसुद्धा आहेत. विकतही मिळतात, रंग फिका ठेवलाय म्हणजे चढणारी जळू लगेच दिसते. वाटेत चालताना एका जागी उभं राहून गप्पा मारू नका, जळूला तुमच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास कळतो आणि ती तुमच्या दिशेने निघते, म्हणून रांगेत मागे राहिलेल्याला जास्त लागतात. पाच-दहा मिनिटांनी एकमेकांचे पाय बघत चला, बस्स.

परत आल्यावर पडवीच्या आधी एक बाकडं आहे, वर पिवळा दिवा, खाली काथ्याचं पायपुसणं आणि कडक ब्रश. बूट तिथेच काढा, झटका, आतून बघा, मगच वर या. एवढं केलं तर खोलीत जळू येत नाही. खोलीत सापडते ती बहुतेक वेळा बुटातून किंवा बाहेर वाळत घातलेल्या टॉवेलमधून आलेली असते, उंबऱ्यावरून चालत नाही, म्हणजे उंबऱ्यावरच्या मिठाचा तसाही उपयोग नाही.

हे इतकं लांबवून लिहायचं अजून एक कारण आहे. मीठ टाकलेली पडवी आम्हाला पाण्याचा पाइप मारून धुता येत नाही, कारण पाणी वाफ्यात जाईल. आधी कोरडं झाडून भरायचं, मग ओल्या फडक्याने तीन-चारदा पुसायचं, ते पाणी बादलीत भरून बाजूला काढायचं. आमच्याकडे दोन मावश्या आहेत कामाला, दोघींची अख्खी सकाळ त्यात जाते. मग १२ चं चेक-इन दीड वाजता होतं आणि पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेलं कुटुंब बॅगा घेऊन पडवीत बसून राहतं. खोली उशिरा मिळाली अशी तक्रार आमच्याकडे येते तेव्हा पावसाळ्यात तरी मागे हेच कारण असतं. म्हणून यंदापासून मीठ टाकलेलं आढळलं तर साफसफाईचे ५०० रुपये बिलात लावतो. पैसे कमवायचे म्हणून नाही, ते मावश्यांनाच जातात.

बाकी नेहमीचे प्रश्न पटापट

गरम पाणी आहे. पावसाळ्यात इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, सोलर चालत नाही, म्हणून बंब पेटवतो. त्यात जंगलातलं लाकूड नाही, खाली कोकणातून आणलेल्या करवंट्या आणि सोडणं (नारळाची सालं) घालतो, सकाळी ६ ते ९ पाणी मिळतं, बादलीने. एसी नाही, लागतही नाही. वायफाय फक्त जेवणघरात आणि तेही ढगांच्या मर्जीवर. कपडे वाळत नाहीत, जोड जास्त आणा, जीन्स नको.

रात्रीचे दिवे पिवळे आणि खाली झाकलेले आहेत, ते मुद्दाम. पांढऱ्या हॅलोजनला किडे येतात, किड्यांमागे बेडूक येतात, बेडकांमागे चापडा येतो. हिरवा साप, विषारी, फांदीवर तासन् तास हलत नाही, म्हणून वाटेतल्या कुठल्याही फांदीला आधारासाठी हात लावू नका. नाइट ट्रेलला गावातलाच मुलगा सोबत असतो, त्याच्या नजरेला जे दिसतं ते तुमच्या महागड्या टॉर्चला दिसणार नाही. जुलैमध्ये टाकीवरच्या फांद्यांना उडत्या बेडकाची फेसाची घरटी लागतात, पिल्लं झाली की वरून टपटप पाण्यात पडतात. चांगला पाऊस होऊन गेलेला असला तर कुजलेल्या लाकडावर चमकणारी बुरशीही दिसते, त्यासाठी सगळे टॉर्च बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहावं लागतं. बेडूक हातात घेऊ नका, हाताला लावलेलं डासांचं क्रीम आणि सॅनिटायझर त्याच्या कातडीतून आत जातं.

हिरण्यकेशीला, म्हणजे त्या नदीच्या उगमापाशी, जाल तर कुंडात पाय, साबण, फुलं, नाणी काही नको. २०२० मध्ये तिथून एका छोट्या माशाची नवीन जात नोंदवली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली.

जेवण घरचं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, पावसात टाकळा, फागलं (करटोली), अळू. जून-जुलैमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या दिवसात ताज्या सुरमईचा हट्ट करू नका, सुका बांगडा मागा, मिळेल.

गाडीने येणाऱ्यांनी उजेडात पोचायचं बघा. सावंतवाडीहून ३० किलोमीटरच आहे पण घाटात धुकं उतरलं की समोरचं बोनेट दिसत नाही, आणि रात्री ओल्या रस्त्यावर बेडूक, साप बसलेले असतात, ते चाकाखाली येतात. उशीर होणारच असेल तर सावंतवाडीत मुक्काम करून सकाळी या, तेवढ्यासाठी आम्ही पैसे कापत नाही.

आणि इतकं वाचूनही जळवांची भीती जात नसेल, तर ज्यांना नकोच वाटतं त्यांच्यावर आम्ही पावसाळा लादत नाही. दिवाळीनंतर या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमीन सुकते, जळवा जवळजवळ नसतात, सकाळी शेकरू आणि धनेश दिसतात, संध्याकाळी सड्याच्या कडेला गवे चरायला येतात, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोलीचा दरही कमी असतो. पावसाळ्यातच यायचं ठरलं असेल तर बुकिंग करताना सगळ्यांच्या बुटांचे नंबर कळवा, त्या मापाचे लीच सॉक्स तुम्ही पोचायच्या आत खोलीत ठेवलेले असतील.