कुर्लीचे पाय का गळले?

मालवणपासून थोडे दक्षिणेला, सुरूच्या बनामागे माझ्या एका शिल्पकार मित्राची पडवी आहे. पडवी म्हणायची एवढेच. दिसायला भंगारवाल्याचे दुकान. मोडकी वल्ही, गंजका नांगर, थर्माकोलचे बोये, जाळ्यांची भेंडोळी, फुटकी कौले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण समुद्र काही बंद नसतो. उधाण ओसरले की पुळणीवर जे लागते ते हा पोत्यात भरून आणतो आणि त्यातून मासे, बगळे, कासवे उभी करतो.

त्याची पहिली मोठी कलाकृती म्हणजे एक कुर्ली, म्हणजे खेकडी. पाठ स्टेनलेस स्टीलच्या जुन्या परातीची, पाय वाकवलेल्या सळ्यांचे, आणि सगळे साध्या लोखंडी बोल्टांनी जोडलेले. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पाय एकेक करून गळू लागले. परात लख्ख, सळ्या जराशा गंजलेल्या, बोल्टांचा मात्र भुगा. बघणाऱ्यांनी बोल्टांना स्वस्तातला माल ठरवले. खरे तर बोल्टांना शेजार नडला होता.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसला, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू झिजतो, दुसरा शाबूत राहतो. इथे झिजणार ते लोखंड. पण खरी गोम आकाराची आहे. परात मोठी आणि बोल्ट चिमुकले, त्यामुळे सगळी झीज त्या चिमुकल्या लोखंडावर एकवटली. उलटे असते, म्हणजे मोठ्या लोखंडी पत्र्याला स्टीलचे दोन बोल्ट, तर तीच झीज सगळ्या पत्र्यावर पसरून फारशी जाणवली नसती. ट्रॉलरवाले हाच गुण कामाला लावतात: पंख्याजवळ जस्ताच्या वड्या ठोकतात. जस्त आधी झिजते, बाकीचे वाचते. आमचा मित्र आता स्टीलचेच बोल्ट वापरतो आणि जिथे दोन धातू भेटतात तिथे सायकलच्या ट्यूबची चकती घालतो.

पण पाऊस तर गोड्या पाण्याचा, मग खारा थर कुठून आला? वाऱ्याबरोबर. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार आत येतात आणि जिथे बसतात तिथे मीठ ठेवून जातात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते हे कोकणातल्या कुठल्याही घरात माहीत असते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलसर होते. म्हणजे मे महिन्याच्या उन्हातही किनाऱ्यावरचे लोखंड पुरते कोरडे नसते.

समुद्रात वर्षानुवर्षे पडलेल्या लोखंडाची तऱ्हा आणखी वाईट. त्यातले क्लोराइड गंजाच्या थराखाली, खड्ड्याखड्ड्यांत दडून बसते. वरून घासून, रंग लावून काही होत नाही; गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून फुगतो आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. समुद्रातून काढलेल्या तोफा संग्रहालयवाले महिनोन् महिने अल्कधर्मी पाण्यात बुडवून ठेवतात ते याचसाठी. मित्राने त्याची घरगुती आवृत्ती केली आहे: पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा. अधूनमधून पाणी बदलायचे. त्याचा नियम एकच, "मीठ गेल्याबिगर हात लावूचो नाय."

लाकडाची परीक्षा तो बोटाने टकटक करून घेतो. वाहून आलेला ओंडका वरून धडधाकट दिसतो, टाचणीच्या डोक्याएवढी चार भोके काय ती. आत मात्र बोटाएवढे बोगदे, आणि त्यांना चुन्याचे गुळगुळीत अस्तर. हे काम शिपवर्मचे. नावात किडा असला तरी तो शिंपल्या-कालवांचा भाऊबंद आहे. त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू लाकूड पचवायला लागणारी विकरे त्याला पुरवतात. अशा लाकडाचा भार पेलणारा पाय करायचा नाही. बगळ्याचा पंख मात्र काय सुंदर होतो!

प्लास्टिकमध्ये समुद्र आधीच निवड करून ठेवतो. बाटलीचे पीईटी समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, बुचाचे पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिन हलके. बूच निघालेली बाटली पाणी भरून तळाला जाते आणि बूच तरंगत किनाऱ्याला लागते. म्हणून पोत्यात बुचेच बुचे. पुढे ऊन आपले काम करते. अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. बूच आधी खडूसारखे भुरकट होते, मग चिमटीत चुरते. काळ्या वस्तू जास्त टिकतात, कारण त्यांतला कार्बन किरण शोषून घेतो. बुचांची रंगीत कासवे उघड्या पुळणीवर उभी करण्याची हौस मला यासाठीच पटत नाही. गोळा केलेला कचरा बारीक करून आपण पुन्हा वाळूतच पेरत असतो. छपराखाली ठेवा, मग खुशाल करा.

चंदीगडला नेकचंद यांचे टाकाऊ वस्तूंच्या शिल्पांचे रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुले झाले आणि ते अजून दिमाखात आहे. त्यांनी फुटक्या कपबशा, बांगड्या, चिनी मातीचे तुकडे वापरले, म्हणजे भट्टीतून आधीच जाऊन आलेली वस्तू. ती ना गंजत ना उन्हाने चुरत. आमच्याकडे तो मान मंगलोरी कौलांचा. स्लॅबची घरे झाली तशी ती ढिगांनी मिळतात, आणि मित्राच्या माशांचे खवले त्यांचेच असतात.

कुर्ली आता नव्या पायांवर, जांभ्याच्या चिऱ्यावर बसली आहे. सळ्यांवर आलेला गंज आणि चिरा लांबून एकाच रंगाचे दिसतात, आणि ते साहजिकच आहे: जांभ्याचा तांबूसपणाही लोखंडाच्या ऑक्साइडांचाच. नांगर मात्र अजून पिंपात आहे. परवा मी त्यातले पाणी परीक्षानळीत घेतले, नायट्रिक आम्ल घालून आधी सोडा मारला आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. क्लोराइड असले की पांढरा साका धरतो. पाणी दुधासारखे झाले. मित्राने नळीकडे पाहिले, मग नांगराकडे, आणि पाणी बदलायला बादली उचलली.