खान्देशातले धान्य खान्देशच्या ताटात : सरकारी खरेदीची पार्श्वभूमी

धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सामाईकपणे वापरण्याची रीत, जोरात होती तेव्हा यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भात आणि कोणत्यात ज्वारी, हे बंधाऱ्याखालचे शेतकरी मिळून ठरवत. पाणी पाटकरी सोडायचा, राखण जागल्याकडे. ब्रिटिश अमलात कापसाने ही घडी मागे सारली. भडगावला सरकारी प्रायोगिक शेत झाले, तेही मुख्यतः कापसासाठी.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. बियाणे, अवजारे, विहिरी यांच्या योजना त्यांच्याकडे गेल्या. पुढच्याच वर्षी बाजार समित्यांचा कायदा झाला आणि विक्रीचे नियमन त्या समित्यांच्या हाती गेले. ग्रामपंचायतीकडे उरला आठवडे बाजार, तोही मुख्यतः उत्पन्नाचे साधन म्हणून. वसुलीचा ठेका लिलावाने जातो आणि मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईलाही पावती फाडावी लागते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम निघाली. त्याच सुमारास जळगावची केळी, भरिताची वांगी आणि नवापूरची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. याचे मोल आहेच, पण मानांकनाने माल बाहेर खपतो. इथल्या ताटात काय पडते ते त्याने ठरत नाही. ते ठरते सरकारी खरेदीत, आणि खरा वाद तिथलाच आहे.

अंगणवाडीतल्या आहाराचा पैसा कोणी खर्च करायचा? ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, काम शक्यतो गावसमूह, बचतगट आणि महिला मंडळांकडे द्यावे. तरीही २००९ नंतर राज्यात घरपोच आहाराची, म्हणजे टीएचआरची पाकिटे मोठ्या पुरवठादारांकडून येऊ लागली. कागदावर पुरवठादार महिला संस्थाच होत्या. या निर्णयाच्या बाजूचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तीन वर्षांखालच्या बाळासाठी रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, शिवाय सूक्ष्म पोषकद्रव्ये, हे प्रमाण गावच्या चुलीवर रोज सांभाळणे अवघड, आणि स्वच्छतेची हमी कोण देणार, असा तो युक्तिवाद. पण स्वयंचलित यंत्रांची अट घातली की सातपुड्यातल्या धडगावचा बचतगट निविदेच्या दारातच अडतो. ज्या आयांसाठी पाकिटे यायची त्यांना ती चव परकी वाटे. पाकीट गुरांपुढे जाते ही तक्रार जुनी आहे. अशा अटींच्या निविदा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या आणि स्थानिक बचतगटांना वाव राहील अशा नव्या काढायला सांगितल्या. मधल्या दहा वर्षांत दादर ज्वारी, नागली म्हणजे नाचणी, मूग, भुईमूग पिकवणाऱ्यांना दाराशी गिऱ्हाईक मिळू शकले असते. ते गेले, हे नुकसान कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही.

याच काळात, डिसेंबर २०१५ पासून, अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात अमृत आहार योजना आली आणि तिने उलटी वाट धरली. नंदुरबारचे नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके पूर्ण, शहादा-नंदुरबारचा काही भाग, धुळ्यात साक्री-शिरपूर आणि जळगावात चोपडा-यावल-रावेर यांचे काही भाग या क्षेत्रात येतात. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा गरम, पूर्ण जेवण द्यायचे. पैसा गावच्या आहार समितीच्या खात्यात, समितीत निवडून आलेली महिला पंच आणि अंगणवाडी सेविका. खरेदी गावातच. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, सोबत अंडे, केळी किंवा नाचणीचा हलवा. पुढे अंगणवाडीतल्या मुलांनाही अंडी, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, सुरू झाली.

योजनेत दोष नव्हते असे नाही. पैसे उशिरा आले की सेविका किराणा उधार आणते, आणि उधारी म्हटली की माल दुकानदाराच्या सोयीचा. दर जेवणामागे ३५ रुपये झाला तोही महागाईच्या मागेच राहिला. तरी खान्देशात गावाने काय विकत घ्यायचे हे गावानेच ठरवण्याला याहून मोठी संधी मिळाली नव्हती. मोलगीच्या बाजारात भगर आणि आमचूर विकणारी बाई आणि तिथली आहार समिती यांच्यात तिसरा माणूस लागत नाही. ही गोष्ट अहवालांत येते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे.

शाळांतल्या पोषण आहाराचे चित्र वेगळे. तिथे तांदूळ वरून येतो, इंधन-भाजीचा खर्च खाली, शाळेच्या पातळीवर होतो. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष. त्याच वर्षाअखेर आठवड्यातून एकदा अंडे, अंडे न खाणाऱ्यांना केळी किंवा स्थानिक फळ, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये पाककृती बदलल्या: अंड्याचा पुलाव आणि नाचणीसत्त्व ऐच्छिक झाले, त्यासाठी वेगळा पैसा मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समित्यांनी तो लोकसहभागातून उभा करावा असे ठरले. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर नागली पिकते, तिथल्या शाळांनाही हाच नियम आहे.